सत्कार सपत्नीक

जाफराबादच्या कल्याण फदाट यांना लघवी करताना जळजळ होऊ लागली, ही घटना तालुक्याच्या दृष्टीने फारशी गंभीर नव्हती. तालुक्यात जळजळ कोणाला होत नाही? कोणाला शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागलं म्हणून होते, कोणाला चुलतभावानं चारचाकी घेतली म्हणून होते. फरक इतकाच की ती छातीत होते, आणि कल्याणरावांना जिथं होत होती त्या जागेला सभ्य मराठीत नाव ठेवायचं राहून गेलेलं आहे. त्यामुळे त्यांनी आईला एवढंच सांगितलं, "माय, आंग गरम पडल्यासारखं वाटून राह्यलंय."

गिरिजाबाईंनी पोराच्या चालण्याकडे एकवार पाहिलं आणि जागच्या जागी निदान केलं. "उन्हाळी लागली तुला."

बाहेर पौषातली थंडी होती. लोक शेकोटीला चिकटून बसले होते. पण उन्हाळी लागायला उन्हाळाच पाहिजे असा काही शासननिर्णय नाही. त्या दिवसापासून कल्याणरावांना सकाळी धन्या-जिऱ्याचं पाणी, दुपारी सब्जा आणि संध्याकाळी ताक सुरू झालं. त्यांची बायको अक्षता हे सगळं वेळच्या वेळी आणून देत होती. आणि दिलेलं सगळं तितक्याच जळजळीनं बाहेर पडत होतं.

ही उन्हाळी नव्हे हे घरात फक्त कल्याणरावांना ठाऊक होतं. त्यांचं बसस्टँडजवळ कृषी सेवा केंद्र होतं. एका बियाणे कंपनीचं उद्दिष्ट त्यांनी पूर्ण करून दिलं, म्हणून कंपनीनं त्यांना आणखी काही दुकानदारांबरोबर 'आंतरराष्ट्रीय अभ्यास दौऱ्या'वर बँकॉकला नेलं होतं. 'बदलत्या हवामानातील कापूस' असा अभ्यासाचा विषय पत्रिकेत छापला होता. बँकॉक शहरात कापूस पिकत नाही हे सर्व अभ्यासकांच्या तिथं उतरल्यावर लक्षात आलं, आणि मग वेळ मोकळा राहिला. त्या मोकळ्या वेळाबद्दल कुठंही बोलायचं नाही, अशी परतीच्या विमानात सर्वांनी एकमेकांना शपथ घातली. शपथ सगळ्यांनी पाळली. जंतूंना मात्र कोणी शपथ घातलेली नव्हती.

सब्जा हरला तेव्हा कल्याणराव जालन्याला गेले. जाफराबादेत डॉक्टर नव्हते असं नाही. पण जाफराबादेतल्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे आधी कंपाउंडरला, मग चहावाल्याला आणि शेवटी डॉक्टरला सांगणं. जालन्यात मस्तगडाच्या बाजूला 'उजळ आरोग्य प्रतिष्ठान' या संस्थेचा एक दवाखाना होता. तिथं असल्या आजारांवर मोफत आणि अत्यंत गोपनीय उपचार होत.

गोपनीयतेच्या बाबतीत संस्था फार कडक होती. सुरुवातीला तिथं 'गुप्तरोग उपचार केंद्र' अशी पाटी होती. त्या पाटीखालून कोणी आत जाईना. म्हणून 'मैत्री केंद्र' असं नाव दिलं, तर लोक मुलामुलींची स्थळं घेऊन येऊ लागले. शेवटी 'स्नेह कक्ष' हे नाव ठरलं आणि येणाऱ्याला संकोच वाटू नये म्हणून पाटी आतल्या भिंतीवर लावली गेली. दवाखाना सापडल्याशिवाय पाटी दिसत नसे आणि पाटी दिसल्याशिवाय दवाखाना सापडत नसे. कल्याणरावांनी मस्तगडाला तीन चकरा मारल्या आणि चौथ्या वेळी एका पानवाल्यानंच हाक मारून सांगितलं, "भाऊ, ती खराब बिमारीवाली जागा ना? त्या जिन्यानं वर."

वर धर्मराज नावाचे समुपदेशक बसले होते. समुपदेशनाचं प्रशिक्षण त्यांनी पुण्याला घेतलं होतं. आवाज मात्र गावचाच होता.

"गोपनीय कोण कोण हाये?" त्यांनी खोलीभर विचारलं. "गोपनीयवाल्यांनी डाव्या बाकावर बसा. सर्दी-खोकला उजवीकडं. भाऊ, तुम्ही? गोपनीय? मंग लाजता कशाला! इथं तुमचं नाव कोणाला कळत नसतं. काय नाव म्हणाले? कल्याण फदाट! जाफराबाद!"

उजवा बाक खोकायचा थांबला.

आत डॉक्टर अफ्रीन होत्या. बाई डॉक्टर पाहून कल्याणरावांनी आपल्याला मान दुखते असं सांगून पाहिलं. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "मान दुखते आणि उभं राहताना पाय का फाकवता?" मग तपासणी झाली, रिपोर्ट आला.

"गोनोरिया आहे. जुने लोक परमा म्हणायचे," डॉक्टर म्हणाल्या. "औषधानं बरा होतो, घाबरायचं काम नाही. जळजळ थोडे दिवस रेंगाळेल, मग गेली पाहिजे. पण औषध दोघांनी घ्यायचं. हे पाकीट तुमचं, हे मिसेसचं. दोघांचं झाल्यावर आठवडाभर लांब राहायचं."

"तिला काहीच तकलीफ नाही, मॅडम."

"बायकांना पुष्कळदा आधी काही कळतच नाही. आतल्या आत वर चढतं. मग ओटीपोटात दुखायला लागतं, पुढं दिवस राहायला अडचण येते. मुलं किती तुम्हाला?"

"अजून नाही. चालू आहे... म्हणजे देवाच्या मनात असलं तर."

"देवाच्या मनात असेल हो, पण तुमच्या मनात काय आहे? मिसेसना इथं घेऊन या. मी तपासते. नाहीच जमलं, तर निदान पाकीट द्या. आणि कशाचं आहे ते सांगून द्या, बराबर?"

"बराबर," कल्याणराव म्हणाले.

जालना ते जाफराबाद हा प्रवास त्यांनी काळी-पिवळी जीपमध्ये, दोन अनोळखी मांड्यांच्या मध्ये बसून केला आणि वाटेत एक वाक्य तयार केलं. वाक्य साधं होतं: 'अक्षता, माझी चूक झाली, मला हा आजार झालाय, तुलाही औषध घ्यावं लागेल.' भोकरदनपर्यंत त्यातलं 'चूक' गेलं. पुढच्या फाट्याला 'आजार' गेला. जाफराबादच्या स्टँडवर उतरेपर्यंत वाक्यात फक्त 'अक्षता' आणि 'औषध' उरलं. घरात पाऊल टाकल्यावर ते म्हणाले, "ह्या ताकदीच्या गोळ्या हायेत. घे तू."

अक्षतानं पाकीट हातात घेतलं आणि तिचे डोळे भरून आले. लग्नाला सहा वर्षं झाली होती. नवऱ्यानं आपल्यासाठी म्हणून, न मागता, बाहेरगावाहून आणलेली ही पहिलीच वस्तू होती.

पुढचे काही दिवस सुखात गेले. जळजळ ओसरली. कल्याणराव दुकानात गिऱ्हाइकांशी हसून बोलू लागले, शीळ घालू लागले. डॉक्टरांनी सांगितलेला आठवडा त्यांनी माळवदावर झोपून काढला आणि मग ते खाली आले. आणि मग एका सकाळी जळजळ माहेरपण आटोपून आल्यासारखी सामानसुमानासह परत आली.

स्नेह कक्षात धर्मराजांनी त्यांना पाहून कपाळाला आठ्या घातल्या.

"तुम्ही परत कसे काय आले? तुम्ही तर बरे झालेत."

"बरा न्हाई झालो हो. लई आग होऊन राह्यली."

"होत असंल. मी कुठं न्हाई म्हणतो? पण अहवालात तुम्ही बरे हायेत, अन् अहवाल वर गेला. आता तुम्हाला आजारी करायचं तर आख्खा जिल्हा आजारी करावा लागंल. आपला बरे होण्याचा टक्का शंभर हाये." धर्मराजांनी आवाज मऊ केला. "मार्चएंडपर्यंत कळ काढता का? एप्रिलात तुम्हाला नवीन रुग्ण म्हणून घेतो. मी सोता लक्ष घालतो."

कळ काढणं हा शब्द कल्याणरावांना फारच नेमका वाटला. ते तसेच आत घुसले.

डॉक्टर अफ्रीननी पुन्हा तपासलं. "मिसेसनी औषध घेतलं होतं?"

"घेतलं की."

"तुमच्यासमोर?"

"समोर म्हणजे... घरात."

"फदाटसाहेब, तुम्ही कपाशीची औषधं विकता ना? एका वावरात फवारलं आणि बांधापलीकडच्या वावरात नाही फवारलं, तर काय होतं?"

"आळी परत येती," कल्याणराव पटकन म्हणाले. हे वाक्य ते गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षं ऐकवत आले होते, विशेषतः गिऱ्हाईक औषधाचे पैसे परत मागायला आलं की.

"मग जा, आणि या वेळी नीट द्या," असं म्हणून डॉक्टरांनी पुन्हा दोन पाकिटं पुढं केली.

ते घरी आले तेव्हा गिरिजाबाई ओट्यावर उभ्या राहून वाळवणाचं फडकं झटकत होत्या. गेली दोन वर्षं त्या काठीशिवाय ओट्यावर चढल्या नव्हत्या.

"आणल्या का रं त्या गोळ्या?" त्यांनी पाकीट ओळखलं. "लई गुणाच्या हायेत बाबा. मागच्या पाकिटानं माझा गुडघा निम्मा हलका झाला. अक्षतानं दिल्त्या. म्हणली, आत्याबाई, ताकदीच्या हायेत, आधी तुम्ही घ्या. अशी सून मिळाया नशीब लागतं. एक गोळी मी बेबीनंदाला दिली, ती बिचारी पाठीनं वाकून गेल्ती."

कल्याणराव ओट्यावरच खाली बसले. वैद्यकीय परिस्थिती त्यांच्या डोळ्यांसमोर हळूहळू स्पष्ट झाली. त्यांची आई, वय वर्षे अडुसष्ट, विधवा, माळकरी, परम्यापासून निम्मी सुरक्षित होती. उरलेली निम्मी सुरक्षितता बचत गटाच्या अध्यक्षा बेबीनंदाबाईंच्या पोटात गेली होती. बायको मात्र होती तशीच होती.

ते स्वयंपाकघरात गेले. अक्षता पोळ्या लाटत होती. मधेच थांबून तिनं डावा हात ओटीपोटावर दाबला आणि परत लाटणं हातात घेतलं.

"दुखतंय का काही?"

"असंच. चार दिस झाले. आत्याबाई म्हणल्या, बायकांना असतंच."

त्यांनी पाकीट तिच्यासमोर धरलं. "ह्या तू घे. आत्ता. माझ्यासमोर. आईला द्यायच्या न्हाईत."

अक्षतानं लाटणं ठेवलं. "कशाच्या हायेत त्या?"

"ताकदीच्या."

"ताकदीच्या असत्या तर आईला काहून न्हाई म्हणले असते? खरं सांगा, कशाच्या हायेत. सांगा, मंग लगेच घेते. मला काही झालंय का? मूल होत न्हाई म्हणून दिल्या का?" तिचा आवाज बारीक झाला. "मागं आठवडाभर थंडीत माळवदावर झोपले, आता परत तेच. मला कळत न्हाई का? दुसरी करायचं चाललं असंल तर तसं सांगा."

"न्हाई गं! काहीतरीच काय!"

"मंग सांगा ना."

इतकी सोपी मागणी होती. एक शब्द म्हणायचा होता, तीन-चार अक्षरांचा. कल्याणरावांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात दुकानातून फोन आला. फोन आला नसता तर त्यांनी तो स्वतः कोणालातरी लावला असता. पाकीट त्यांच्या खिशातच राहिलं, आणि एकट्यानं घेऊन उपयोग नाही म्हणून त्यांचं स्वतःचंही. अक्षतानं तव्यावरची करपलेली पोळी उलटली आणि ती स्वतःच्या ताटात ठेवून दिली.

आता माणसाला जिथं बोलायचं असतं तिथं बोलता आलं नाही, की तो दुसरीकडं फार बोलू लागतो. कल्याणरावांच्या बाबतीत हे फारच झपाट्यानं घडलं. पुढच्या खेपेला ते स्नेह कक्षाचा जिना उतरत असताना खाली जाफराबादचे साहेबराव सरपंच उभे होते.

"कल्याणराव! इकडं कुणीकडं?"

"समाजकार्य!" कल्याणराव म्हणाले. एवढा एकच शब्द त्यांच्या तोंडाशी तयार होता. "हे गुप्तरोगाबद्दल लोकांत लई अज्ञान हाये हो. म्हणलं, आपण जनजागृती करावी."

मागून कोणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते प्रतिष्ठानचे अध्यक्ष अण्णासाहेब होते. त्यांच्याकडे 'पुरुष सहभाग' नावाचं एक उद्दिष्ट दोन वर्षं पडून होतं, कारण एकही पुरुष सहभागी होत नव्हता. आणि इथं एक पुरुष भर जिन्यावर, सरपंचासमोर, 'गुप्तरोग' हा शब्द स्वच्छ उच्चारत होता.

"असा माणूस मी कधीपासून धुंडाळतोय," अण्णासाहेब म्हणाले. सरपंचांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या आठवड्यात कल्याण फदाट मंठ्याच्या बाजारात मांडवाखाली उभे होते आणि त्यांच्या हातात माईक होता.

पहिलं वाक्य त्यांनी माईककडं बघूनच म्हटलं. मग त्यांच्या लक्षात आलं की समोरची माणसं अनोळखी आहेत. त्यांच्यापैकी कोणीही संध्याकाळी आपल्याला जेवायला वाढणार नाही. आणि त्यांची वाणी जी मोकळी झाली ती झालीच.

"भावांनो! आळी पडली तर तुम्ही एकाच वावरात फवारता का? न्हाई ना! मंग परम्याचं औषध एकट्यानं काहून घेता? बाहेरून रोग आपण आणायचा, औषध चोरून आपण खायचं, अन् बायकोला सांगायला जीभ टाळ्याला चिकटती! ती घरात पोट धरून बसती अन् आपण म्हणतो, बायकांना असतंच! अरे, कसले मर्द तुम्ही? जा घरी, अन् तिचा हात धरून दवाखान्यात आणा!"

माणसं खाली पाहू लागली. दोघं-तिघं रडले. आणि त्याच आठवड्यात स्नेह कक्षात मंठ्याकडची जोडपी येऊ लागली. डावा बाक पुरेना, म्हणून सर्दी-खोकल्याला जिन्यात बसवावं लागलं. धर्मराजांचा टक्का शंभराच्या वर गेला. तो कसा गेला हे त्यांनाही समजावून सांगता येत नव्हतं.

कल्याणरावांना गावोगाव बोलावणी येऊ लागली. भाषण अर्ध्यावर सोडून त्यांना मधेच घाईनं मांडवामागं जावं लागे. ते परत येत तेव्हा डोळ्यांत पाणी असे, ओठ घट्ट मिटलेले असत. "ह्या माणसाची तळमळ बघा," अण्णासाहेब पाहुण्यांना सांगत, "विषय निघाला की त्याच्यानं उभं राहवत नाही."

डॉक्टर अफ्रीन मात्र प्रत्येक भाषणानंतर तोच प्रश्न विचारत. "मिसेस कधी येतात?" आणि कल्याणराव म्हणत, "हा कार्यक्रम झाला की, मॅडम. बिलकुल." ते खोटं बोलत नसत. प्रत्येक भाषण करून घरी जाताना त्यांना खरोखर वाटे की आज सांगायचं. मांडवात शेकडो लोकांसमोर जो शब्द तोफेसारखा सुटायचा, तो घराच्या उंबऱ्यावर आला की वाळून जायचा. अक्षता चहा आणून देई आणि भिंतीला टेकून बसे. हल्ली तिला बसतानाही आधार लागत होता. ती काही विचारत नव्हती, आणि त्याची कल्याणरावांना जास्त भीती वाटत होती.

मग एके दिवशी प्रतिष्ठानची निमंत्रणपत्रिका आली. 'आदर्श पुरुष मित्र' पुरस्कार, शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. आणि खाली ठळक अक्षरांत: सत्कारमूर्तींनी सपत्नीक उपस्थित राहावे.

कल्याणराव तडक अण्णासाहेबांकडे गेले. "सत्काराला मी एकटा आलो तर चालंल का?"

"एकटे?" अण्णासाहेबांना धक्काच बसला. "फदाटसाहेब, उपचाराला माणूस एकटा आला तर आम्ही चालवून घेतो. सत्काराला कसं चालवणार? शाल तुम्हाला, ओटी वहिनींची. मंचावर जोडीनं उभं राहायचं. समाजात काय संदेश जाईल?"

"तिला बरं नसतं."

"मग तर आणाच. डॉक्टर अफ्रीन मंचावरच आहेत." आणि अण्णासाहेबांनी त्यांच्यासमोर गिरिजाबाईंना फोन लावून सुनेसह येण्याचं आग्रहाचं निमंत्रण देऊन टाकलं.

नगर भवनात गर्दी झाली होती. पहिल्या रांगेत गिरिजाबाई बचत गट घेऊन बसल्या होत्या. सगळ्याजणी आपापली दुखणी सांगत होत्या आणि कल्याणकडून पाकीट आणायची हमी गिरिजाबाई प्रत्येकीला देत होत्या. मंचावर अक्षता हिरवी साडी नेसून, मांडीवर ओटीचं सामान घेऊन बसली होती. आपला नवरा नेमका कशाची जनजागृती करतो हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. घरात तो 'आरोग्याचं काम' म्हणत असे. तिला वाटलं होतं, साखर किंवा बीपी असेल.

"आता आपले लाडके वक्ते," धर्मराज माईकवरून ओरडले, "ज्यांच्यामुळं जिल्ह्यातला परमा पळाला!"

कल्याणरावांनी 'पर्यावरण आणि आपण' या विषयावर सुरुवात केली. सभागृहातून आरोळ्या उठल्या. "आळीचं सांगा! वावराचं सांगा!" अण्णासाहेबांनी डोळ्यांनी खुणावलं. माणसाला स्वतःच्या लोकप्रियतेपुढं इलाज नसतो. कल्याणराव सभागृहाकडं तोंड आणि मंचाकडं पाठ करून उभे राहिले आणि ते भाषण त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडू लागलं, वावर, आळी, चोरून खाल्लेलं औषध, टाळ्याला चिकटलेली जीभ. "ती घरात पोट धरून बसती," या वाक्यावर त्यांचा आवाज फाटला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या थांबल्या तेव्हा त्यांना मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

अक्षता उठली होती. ओटीचा नारळ तिनं डॉक्टर अफ्रीनच्या शेजारच्या खुर्चीत ठेवला आणि ती माईकपाशी आली. ती इतक्या जवळ उभी राहिली की तिचा श्वास सभागृहाला ऐकू गेला.

"एक प्रश्न हाये," ती म्हणाली. "समजा, एका बाईचा नवरा परदेशात अभ्यासाला गेल्ता. आल्यावर सब्जा पीत राह्यला. मंग ताकदीच्या गोळ्या आणल्या, पर कशाच्या हायेत ते सांगंना. बाई पोट धरून बसली. तिला वाटलं, आपल्यातच खोट हाये. महिनाभर ती देवाला हेच विचारत राह्यली. तर त्या बाईनं काय करावं?"

सभागृह तल्लीन झालं होतं. उत्तर कल्याणरावांना पाठ होतं.

"तिनं... तिला ताबडतोब दवाखान्यात नेलं पाहिजे," ते पुटपुटले.

"मोठ्यानं सांगा."

"तिला दवाखान्यात नेलं पाहिजे. तिचं काही चुकलं न्हाई. त्यानं रोग आणला. त्याला परमा झाल्ता."

शब्द सुटला. महिनोन्महिने अडलेला तो शब्द सुटला आणि कल्याणराव लहान पोरासारखे रडायला लागले.

"अन् आणखी एक," अक्षता म्हणाली. "ती बाई हाये. बांधापलीकडचं वावर न्हाई." मग ती डॉक्टर अफ्रीनकडं वळली. "मॅडम, चला. तुमचा दवाखाना कुठशी हाये?"

मग अण्णासाहेबांनी माईक ओढून घेतला. त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता. "वा! वा! याला म्हणतात पथनाट्य! नवरा-बायको दोघांनी काय अभिनय केला! रसिकहो, जोरदार टाळ्या!"

आणि टाळ्या वाजल्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. अक्षता मंचाच्या पायऱ्या उतरून चालली होती, डॉक्टरांनी तिचा हात धरला होता आणि मागून कल्याणराव शालीनं नाक पुसत धावत होते. शिट्ट्या वाजल्या. कोणीतरी 'वन्स मोअर' ओरडलं. पहिल्या रांगेत बेबीनंदाबाईंनी गिरिजाबाईंकडं वळून अगदी हळू आवाजात विचारलं, "बाई, त्या गोळ्या कशाच्या होत्या म्हणं?"

स्नेह कक्षात अक्षता डाव्या बाकावर बसली. धर्मराज पाठोपाठ धापा टाकत आले. पण या वेळी त्यांनी नाव पुकारलं नाही. डॉक्टरांनी तिला तपासलं, सोनोग्राफी केली, औषध सुरू केलं. आजार वर चढला होता. मूल होईल का, या प्रश्नाला डॉक्टर म्हणाल्या, "होऊही शकेल. आत्ता नक्की सांगत नाही. तेव्हाच आल्या असत्या, तर एवढंही म्हणायची वेळ आली नसती." अक्षतानं मान हलवली. कल्याणराव शेजारी बसले होते. ती थोडी सरकून बसली. तिथून ती माहेरी जाणार होती; तिथं किती दिवस राहायचं हे ती आपलं आपण ठरवणार होती, आणि त्यासाठी तिला कोणाच्या निमंत्रणपत्रिकेची गरज नव्हती.

जाफराबादेत या प्रकरणाची यथावकाश चौकशी झाली. पारावर, स्टँडवर आणि बचत गटात निष्कर्ष एकच निघाला. कल्याणराव मोठ्या मनाचे, बाई मात्र फार धीट. भर सभेत असला शब्द बोलवून घेतला, शोभतं का हे? घरातली गोष्ट घरातच बोलावी.

अगदी बरोबर. तेव्हा वाचकहो, ही कथा इथं संपली, आणि आतापर्यंत आपण ती एकट्यानं, मनातल्या मनात, अधूनमधून हसत वाचलीत. आता संध्याकाळी सगळे जेवायला बसले की आपल्याच घरात, पहिल्या वाक्यापासून, मोठ्यानं वाचून दाखवा. बायको असेल तर बायकोला, नवरा असेल तर नवऱ्याला. आजाराच्या नावाशी अडखळू नका.

काय झालं? फोन आला वाटतं कोणाचा?